माझी डुप्लिकेट मी

मध्यंतरी कॉलेजकडून एका तासात दोन ईमेल आले. पहिल्यात लिहिलं होतं, तुमची पदवी पोचली, लसींचे पुरावे बाकी. दुसऱ्यात, लसी पोचल्या, पदवी बाकी. दोन्ही मलाच, पण दोन वेगळ्या विद्यार्थी क्रमांकांवर. एक क्रमांक माहेरच्या नावाचा, दुसरा सासरच्या. आणि अर्ज कशाला, तर हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजीला. एका पेशंटच्या दोन फायली होऊ द्यायच्या नाहीत, झाल्याच तर त्या शोधून एक करायच्या, हे शिकवणारा दोन वर्षांचा कोर्स!

घोळ कुठे झाला ते उघड आहे. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. न्यू जर्सीतल्या फॉर्मला कळतं फर्स्ट, मिडल आणि लास्ट. त्यामुळे माझं आडनाव झालं पहिलं नाव आणि बाबा झाले आडनाव. वर लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलेलं, त्यामुळे पासपोर्टवरची बाई निराळीच. पदवीवर आहे पुणे विद्यापीठ, तर मागवलेल्या ट्रान्स्क्रिप्टवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. म्हणजे २०१४ साली विद्यापीठाचंही नाव बदललं. पण विद्यापीठाकडे कोणी लग्नाचा दाखला मागितला नाही.

ज्यांना या वाटेनं यायचंय त्यांनी आधी एक बघावं. कोर्सला 'काहीम'ची, म्हणजे असे कोर्स तपासणाऱ्या अमेरिकेतल्या आयोगाची, मान्यता आहे का? ती नसेल तर पुढे 'अहिमा' या आरोग्य-नोंदीवाल्यांच्या संघटनेची आरएचआयटी ही प्रमाणपत्राची परीक्षा देता येत नाही आणि हातात नुसता डिप्लोमा उरतो, फ्रेम करायला. भारतातली पदवी तपासून घेताना 'कोर्स-बाय-कोर्स' अहवालच मागवावा. स्वस्तातला 'डॉक्युमेंट' अहवाल फक्त पदवी आहे एवढंच सांगतो, त्यावर एकाही विषयाची सूट मिळत नाही. आणि तपासणीच्या अर्जात 'पूर्वीचं नाव' असा एक रकाना असतो. तो मी रिकामा सोडला. पूर्वीची मी कोण होते हे त्यांना कशाला सांगायचं, असं वाटलं होतं.

तर त्या ईमेलांचा निकाल लावायला कॉलेजात गेले. टोकन घेतलं, पुढे चौदा माणसं. शेजारच्या खुर्चीत साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या एक काकू. सून खिडकीपाशी आपल्या कोर्सचं विचारत होती, काकू नातवाची बाबागाडी पायानं हलवत होत्या. माझ्या पिशवीतून डोकावणारा मराठी विवाह नोंदणी दाखला त्यांनी लांबूनच वाचला.

"कुठल्या कोर्सला गं?"

"हेल्थ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी."

"नर्सच की मग."

"नाही काकू. पेशंटला हात लावायचा नाही. पेशंटच्या नोंदी."

काकूंनी क्षणभर विचार केला. "म्हणजे केसपेपरची खिडकी?"

मी म्हटलं, नाही, हे सगळं काँप्युटरवर असतं, कायदा असतो, कोडिंग असतं. पण तोवर काकू सिव्हिल हॉस्पिटलात पोचल्या होत्या. "आमच्याकडे एक जण होता. तोंडात पान, एका हातात पेन, दुसऱ्या हातानं माश्या हाकलायचा. तीनशे केसपेपर दुपारपर्यंत. त्याला कुठं दोन वर्षं लागली शिकायला?"

अपमान झाला की मी माहिती देते. म्हटलं, काकू, इथं प्रत्येक आजाराला कोड आहे, सत्तर हजारांच्या वर कोड. गाय चावली तर वेगळा, गाईनं धडक दिली तर वेगळा. पहिल्यांदा उपचाराला आलात तर शेवटी ए, पुढच्या फेरीला डी.

"गाय कशाला चावेल?"

"चावली तर. सासरच्या माणसांशी पटत नसेल तर त्यालासुद्धा कोड आहे. झेड६३.१."

बाबागाडी थांबली. काकूंनी आधी खिडकीकडे, सुनेच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे डॉक्टरला सांगतं कोण? सून का सासू?"

"जो पेशंट असेल तो."

"आणि डॉक्टर लिहून घेतो? दुसऱ्या बाजूला न विचारता?"

"पेशंटनं सांगितलेलं चालतं. डॉक्टरनं किंवा नर्सनं सही करून ते नोंदीत घेतलं की झालं."

"इन्शुरन्स पैसे देतो त्याचे?"

"नुसत्या त्यावर नाही. नियमच आहे, झेड५५ ते झेड६५ हे कोड पहिले लावायचे नाहीत. आधी मुख्य आजार, सासर दुसऱ्या नंबरवर."

काकूंनी पुन्हा बाबागाडी हलवायला घेतली. "बघ. इथंही आम्ही दुय्यमच."

यावर काय बोलणार? मी लसींचे कागद लावत बसले. आता या कागदांबद्दल मला खरंच राग आहे. पेशंटच्या जवळ जायचं नाही, तरी गोवर-गालगुंड-रुबेलाचे दोन डोस, कांजिण्यांचे दोन, हेपटायटिस बीचे सहसा तीन, धनुर्वाताचा दहा वर्षांच्या आतला. कारण शेवटच्या टप्प्यात हॉस्पिटलात प्रॅक्टिकल असतं, मग तिथं तुम्ही तळघरातल्या रेकॉर्ड विभागात बसलात तरी चालेल. माझ्या कांजिण्यांचा पुरावा म्हणजे कडुनिंबाचा पाला आणि आजी. दोन्ही आता नाहीत. अशा वेळी रक्ताची टायटर चाचणी करतात, म्हणजे आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात. क्षयाच्या बाबतीत मात्र शहाणपण करा. दंडावर बीसीजी या क्षयाच्या लसीचा व्रण असलेल्यानं तपासणीसाठी त्वचेत सुई टोचून घेऊ नये. बीसीजीमुळे ती चाचणी खोटीच पॉझिटिव्ह येऊ शकते, ४८ ते ७२ तासांत पट्टी लावून गाठीचे मिलिमीटर मोजतात आणि मग छातीच्या एक्स-रेची वारी. थेट क्वांटिफेरॉन ही रक्तचाचणी मागायची, तिला बीसीजीनं फरक पडत नाही. हे मला टोचून झाल्यावर कळलं.

"नाव कसं बदललं त्याचा पुरावा हवाय ना?" काकू परत सुरू. "लग्नाच्या अल्बममधला फोटो दाखव. तांदळातलं नाव स्पष्ट दिसत असेल तर त्याहून मोठा पुरावा कुठला?"

खिडकीतल्या मुलाच्या कानात एक इअरफोन होता. विवाह दाखल्याचं प्रमाणित भाषांतर आणि 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीपुढे केलेलं प्रतिज्ञापत्र त्यानं स्कॅन केलं. मग 'मर्ज'चा फॉर्म पुढे सरकवला. त्यात दोनच रकाने महत्त्वाचे: कोणता क्रमांक हयात ठेवायचा, कोणता निवृत्त करायचा.

पदवी माहेरच्या क्रमांकावर, लसी सासरच्या. मी पेन धरून बसले. मागून काकू म्हणाल्या, "माहेरचं ठेव." सासू असून म्हणाल्या, हे विशेष.

मुलानं विचारलं, "अर्जाची फी कुठल्या नावावर भरली?"

नवऱ्याच्या कार्डानं भरली होती, सासरच्या नावावर. मुलानंच खूण केली आणि माहेरच्या रकान्यात 'निवृत्त' लिहून टाकलं. पाच ते सात दिवस लागतील म्हणाला.

आज नववा. सकाळी माहेरच्या क्रमांकावर ईमेल आला, लसींचे पुरावे अजून बाकी आहेत म्हणून.