पाच अधिक सात बरोबर शून्य

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. रविवारी रात्री साडेनऊला जर्नल घेऊन दारात उभा. "मामा, उद्या सबमिशन आहे, ८०८५ चं पहिलंच प्रॅक्टिकल राहिलंय, दोन नंबरांची बेरीज, आणि लॅबमधला आमच्या टेबलावरचा किट बंद आहे." दुसऱ्या कुठल्या मामाने त्याला जेवायला घालून घरी पाठवलं असतं. पण लॉकडाऊनमध्ये सगळे डालगोना कॉफी फेटत होते तेव्हा मी पायथनमध्ये ८०८५ चा, म्हणजे इंटेलच्या त्या जुन्या प्रोसेसर चिपचा, एम्युलेटर लिहिला होता, म्हणजे लॅपटॉपवर त्या चिपचं सोंग घेणारा प्रोग्राम, आणि तो बघायला आजपर्यंत एक माणूस घरी आला नव्हता. म्हटलं ये, बस, दहा मिनिटांचं काम आहे.

बायकोने हे वाक्य ऐकलं आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवलं.

लॅपटॉप चालू होईपर्यंत मी अर्थातच "आमच्या वेळी" सुरू केलं. आमच्या वेळी म्हणजे २००६, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, आणि टेबलावर तो हिरवा किट, म्हणजे ८०८५ बसवलेला सरावाचा बोर्ड, वर सहा लाल आकडे, चार पत्त्याचे आणि दोन त्या पत्त्यावर काय ठेवलंय त्याचे. आकडे सगळे सोळाच्या हिशेबातले, म्हणजे हेक्स, नऊनंतर ए ते एफ, म्हणजे दहा ते पंधरा, आणि असे दोन आकडे म्हणजे एक बाइट. प्रोग्राम टाकायचा म्हणजे हाताने. दोन बटणं दाबायची, नेक्स्ट, परत दोन बटणं, परत नेक्स्ट, त्यात त्या डिस्प्लेवर बी आणि सहा जुळ्या भावांसारखे दिसायचे, आणि बटणं इतकी झिजलेली की एकदा दाबलं तर उमटायचं नाही आणि जोरात दाबलं तर दोनदा उमटायचं. चाळीस बाइटचा प्रोग्राम, छत्तीस टाकून झालेत, पार्टनर वहीत बोट ठेवून पुढचा आकडा वाचतोय, आणि लाईट जायची. लोडशेडिंगचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं पण लाईट बहुतेक तो पेपर वाचत नसावी. किटची रॅम म्हणजे लाईट गेली की पाटी कोरी, छत्तीसच्या छत्तीस बाइट गायब. सर अंधारातच म्हणायचे, "आली की परत टाका." आमच्या बॅचच्या एका मुलाला तर प्रोग्राम पाढ्यासारखा पाठ झाला होता, थ्री ए पन्नास वीस, फोर सेव्हन, थ्री ए एक्कावन्न वीस, तो बटणांकडे न बघता टाकायचा.

"पन्नास वीस का? पत्ता तर २०५० आहे ना?" भाच्याने विचारलं. हा प्रश्न त्याला आधी पडायला हवा होता, पण असो. म्हटलं पोस्टाच्या पत्त्यासारखं आहे, आधी घर नंबर, मग गाव. इंटेलवाले खालचा अर्धा आधी ठेवतात.

प्रोग्राम बारा बाइटचा. २०५० वरचा आकडा उचल, बाजूला ठेव, २०५१ वरचा उचल, बेरीज कर, २०५२ वर ठेव, थांब. भाच्याने तो कॉलेजच्या असेंब्लरमधून, म्हणजे हुकमांचे आकडे करून देणाऱ्या प्रोग्राममधून, हेक्स फाईल करून आणला होता. मी रुबाबात एम्युलेटर चालू केला आणि रन दाबलं. फाईल द्यायची विसरूनच.

आता कुठलंही शहाणं यंत्र म्हणालं असतं, अहो प्रोग्राम कुठाय? हे नाही म्हणालं. माझ्या एम्युलेटरची मेमरी म्हणजे ६५,५३६ शून्यांची यादी, आणि ८०८५ ला शून्य शून्य दिसलं की त्याचा अर्थ "काही करू नको, पुढे चल". त्यामुळे तो ० पासून निघाला, शेवटच्या घरापर्यंत गेला, तिथून परत ० वर आला, आणि पुन्हा निघाला. लॅपटॉपचा पंखा घोंघावायला लागला. "बिझी आहे वाटतं," भाचा म्हणाला. कॉलनीतले काका सकाळी बागेला फेऱ्या मारतात ना, घाम भरपूर आणि पोहोचायचं कुठेच नाही, तसा बिझी.

मग फाईल दिली. पंखा तसाच, २०५२ वर शून्य. हे जे झालं होतं ते शोधायला मला पाऊण तास लागला, पण सापडल्यावर मी टेबलावर थाप मारून हसलो. हेक्स फाईल म्हणजे साधा मजकूर असतो, आकडे अक्षरांत लिहिलेले. प्रत्येक ओळीची सुरुवात विसर्गासारख्या दोन टिंबांनी, मग बाइट किती, ठेवायचे कुठे, ओळ कसली, मग माल, आणि शेवटी ताळ्याचा एक आकडा. हे सगळं वाचून, सोलून, आतला माल मेमरीत ठेवायचा असतो. माझ्या कोडने न सोलताच फाईल ओतली, केळं सालीसकट मिक्सरला. आणि गंमत अशी की त्या दोन टिंबांचा आस्की कोड, म्हणजे कॉम्प्युटरमधला अक्षराचा नंबर, असतो ३ए, आणि ३ए म्हणजे ८०८५ च्या भाषेत "अमुक पत्त्यावरचा आकडा उचल"! म्हणजे विरामचिन्हालाच त्याने हुकूम समजून काम सुरू केलं. पुढचं शून्य आणि सी ही अक्षरं त्याला पत्ता वाटली, तो ४३३० वर जाऊन शून्य उचलून आला. पुढचा २ त्याला "नेऊन ठेव" वाटला, तर ते शून्य ३०३० वर ठेवून आला. कागदावर लिहिलेला निरोप वाचायचा सोडून कागदच चावून खाल्ला, आणि तक्रार नाही. २५६ पैकी २४६ कोड इंटेलने अधिकृतपणे वापरलेत, उरलेल्या दहांसाठी मी स्वतःच "दिसला तर गप्प पुढे जा" असं लिहून ठेवलं होतं, तेव्हा फार हुशारी वाटली होती.

मग हेक्स वाचायचं कोड लिहिलं. ताळा जमेना, ओळीतल्या सगळ्या बाइटची बेरीज मी मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर केली, ८६६, त्यातून २५६ तीनदा वजा, उरले ९८, २५६ ला कमी पडतात १५८, म्हणजे ९ई, आणि फाईलमध्येही ९ईच. म्हणजे कोड चूक, फाईल बरोबर. ताळ्याचा बाइट मी बेरजेतच धरत नव्हतो. साडेअकरा वाजले होते आणि दुसऱ्या चहाची साय धरली होती.

आता प्रोग्राम चालला, व्यवस्थित थांबलासुद्धा. उत्तर? पाच अधिक सात, शून्य.

भाचा फार सज्जन आहे, तो फक्त म्हणाला, "मामा, मी मित्राचं कॉपी करू का?"

आता माझ्या इज्जतीचा प्रश्न होता. मेमरी पहिल्यापासून छापून बघितली, आणि पाच आणि सात ० आणि १ या घरांत मांडी घालून बसलेले. डेटाची वेगळी फाईल मी पत्ता न देता लोड केली होती, आणि पत्ता नाही दिला तर ० धरायचं हे कुणी ठरवलं होतं, तर मीच. प्रोसेसर रीसेटनंतर ० पासूनच निघतो, त्यामुळे त्याने डेटालाच हुकूम मानलं. ०५ म्हणजे चिपमधल्या बी नावाच्या कप्प्यातला आकडा एकने कमी कर, केलं. ०७ म्हणजे ए कप्प्यातले बिट डावीकडे फिरव, फिरवलं. मग ८,१९० रिकामी घरं गपचूप चालत २००० वर (सोळाच्या हिशेबातला २०००, म्हणजे आपला ८,१९२) पोचला आणि तिथे योगायोगाने आपला प्रोग्राम होता म्हणून तो चालला! खऱ्या किटवर ० पाशी मॉनिटर प्रोग्रामची, म्हणजे किट चालवणाऱ्या प्रोग्रामची, लाईट गेली तरी न पुसणारी रॉम असते, ती तुमच्याकडून पत्ता विचारून घेते. माझ्याकडे रॉम नव्हती, माझ्याकडे नशीब होतं.

डेटा २०५० वर टाकला, सुरुवात २००० वरून करायला सांगितली. शून्य सी. म्हणजे बारा. दोघंही ओरडलो.

पण जर्नलच्या टेबलमध्ये तीन रीडिंग लागतात. दुसरं झालं. तिसऱ्याला भाच्याने नऊ आणि नऊ टाकले, आणि त्याच वेळी बायको पाणी प्यायला उठून आली, आमच्या मागे उभं राहून तिने स्क्रीन बघितली, ०९, ०९, आणि खाली उत्तर, १२.

"नऊ नि नऊ बारा?" ती म्हणाली. "आणि ह्यासाठी जागताय?"

मी सोळाचे पाढे समजावायला तोंड उघडलं, तोवर तिने दिवा घालवला होता.