घरून काम करा, पण दिसत राहा

इंदूरच्या सुदामानगरातल्या आपल्या खोलीत बसून कागदोपत्री बंगळूरला असणारा मॅनेजर आणि न्यू जर्सीचा क्लायंट, असे दोघेही खूश ठेवायचे असतील तर आधी कामाचं वेड डोक्यातून काढा. काम कुणाला दिसत नाही. दिसतो तो ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर तुमच्या नावाशेजारचा हिरवा ठिपका. महिन्याच्या शेवटी पगार त्याचा होतो; तुम्ही फक्त त्याचं बँक खातं सांभाळता.

हा ठिपका नाजूक प्रकृतीचा असतो. टीम्स या अ‍ॅपवर पाच मिनिटं काही हालचाल झाली नाही की तो पिवळा पडतो. स्लॅक जरा दिलदार, तिथे दहा मिनिटांची सवड मिळते. म्हणजे कागद-पेन घेऊन एखादा किचकट प्रश्न सोडवायला बसलात, तर सहाव्या मिनिटाला तुम्ही कामचुकार. आणि माउस नुसता गोल गोल फिरवत जुन्या मेल वर-खाली करत राहिलात, तर तुम्ही टीमचा कणा. तेव्हा विचार करायची फारच हुक्की आली तर डावा हात डोक्याला लावा, उजवा माउसवरून उचलू नका.

काही हौशी मंडळी माउस आपोआप हलवणारं यंत्र मागवतात. त्या फंदात पडू नका. कीबोर्ड चालू असल्याचा नुसता देखावा केल्यावरून अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने २०२४ मध्ये डझनाहून जास्त लोकांना नोकरीवरून काढलं. देखावा यंत्राकडून करून घेतला तर ती लबाडी. तोच स्वतःच्या बोटांनी, घाम गाळून, रोज आठ तास केला तर त्याला एंगेजमेंट म्हणतात आणि वर्षाअखेरीस प्रशस्तिपत्रक मिळतं.

मॅनेजरची बाजूही समजून घ्या. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही व्यवस्थित काम करतो. आपली टीम काम करते यावर पूर्ण विश्वास असलेले वरिष्ठ निघाले १२ टक्के. आता एवढी मोठी दरी कामाने बुजते का? ती बुजवायला मीटिंगच टाकावी लागते. सकाळी साडेनऊचं स्टँडअप त्यासाठीच आहे. ते पंधरा मिनिटांत, उभ्याउभ्या उरकावं असा मूळ नियम. आपल्याकडे ते बसून होतं आणि उठेपर्यंत पाय बधिर होतात. त्यात काल काय केलं ते सांगू नका, लोक लगेच त्यातल्या चुका काढतात. त्यापेक्षा ‘आत्ता जो मुद्दा मांडला गेला त्यालाच थोडं जोडून’ अशी सुरुवात करा आणि तोच मुद्दा थोडा हळू आवाजात परत मांडा. तो ज्याचा होता त्याला बरं वाटतं, बाकीचे त्या वेळी माउस फिरवत असतात.

इंदूरकरांना इथे एक जास्तीची सोय आहे. २०१७ पासून आपण स्वच्छतेत देशात पहिले, त्यामुळे कचऱ्याची गाडी नेमाने येते आणि भोंग्यावर गाणं वाजवत येते. नवशिके तिचा आवाज ऐकून घाईघाईने म्यूट करतात. मुरलेला माणूस नेमका तेव्हा माइक चालू करतो. कोणीतरी हसतं, कोणीतरी विचारतं, ‘खरंच एवढं स्वच्छ आहे का हो तुमचं शहर?’ मग तुम्ही घरचा कचरा सहा प्रकारांत कसा वेगळा करावा लागतो ते सांगता. तेवढ्यात दहा मिनिटं जातात, तुमचा अपडेट राहून जातो आणि वर टीममध्ये चैतन्य आणणारा माणूस म्हणून तुमचं नाव होतं. (मीटिंगमधलं बोलणंही असं वेगळं करायला घेतलं तर सहा डबे लागणार नाहीत, एकात मावेल.)

घरच्या आघाडीवर मात्र हे डावपेच चालत नाहीत. तिथली अडचणच उलटी. ऑफिसला तुम्ही दिसत नाही, म्हणून तुम्ही काम करत नाही. घरच्यांना तुम्ही दिसता, म्हणून तुम्ही काम करत नाही. सिलिंडरवाला आला की पैसे तुम्ही द्यायचे, समोरच्या काकूंचं पार्सल तुम्ही घ्यायचं, कारण तुम्ही ‘घरीच तर’ असता. क्लायंट समोर असताना आत्या दार ढकलून आत येणार: ‘काय करून राहिला आहेस रे? जरा मला राजवाड्यापर्यंत सोड.’ मीटिंग चालू आहे असं खुणेने सांगाल तर ती स्क्रीनवरच्या चौकोनांकडे बघून म्हणेल, ‘सकाळपासून हे सगळे बोलूनच तर राहिलेत. काम केव्हा करतात?’ आत्याशी वाद घालू नका. तुमच्या टीमचं इतकं नेमकं मूल्यमापन तुमच्या एचआरला अजून जमलेलं नाही.

आणि हो, एवढं सगळं कळूनही कोणाला प्रामाणिकपणे काम करायची खुमखुमी असेलच, तर त्याने सीट्रिप या चिनी पर्यटन कंपनीतला प्रयोग जाणून घ्यावा. २०१० च्या शेवटी तिने कॉल सेंटरमधल्या काही लोकांना नऊ महिने घरून काम करू दिलं. त्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. पण तेवढंच काम ऑफिसात बसून करणाऱ्यांच्या मानाने त्यांना बढत्या कमी मिळाल्या. तेव्हा हिशेब सरळ आहे: १३ टक्के काम कमी करा आणि वाचलेला वेळ दिसण्यात घाला.

दिसायची खरी वेळ संध्याकाळची. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा थंडीत आपल्याकडे साडेसात होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर पुढे करते, मग साडेसहा. सकाळी साडेनऊला लागलेला ठिपका क्लायंटसाठी तेव्हाही तेवढाच हिरवा हवा. कॉल लांबला तर कुरकुर करू नका. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाण्याचे ठेले लागतात ते मध्यरात्र उलटेपर्यंत असतात. पुण्यातला इंजिनियर कॉल संपवून शिळी पोळी कुस्करून खातो, तुम्हाला निदान भुट्ट्याचा कीस मिळतो. शिवाय रात्री साडेअकराला मेल टाकायची सोय होते. मेल दुपारीच लिहून ठेवावी. पाठवावी मात्र तळलेल्या गराडूच्या कंदावर मसाला पडेपर्यंतच्या वेळात.

शुक्रवारच्या ऑनलाइन मौजमजेबद्दल फार बोलत नाही. कॅमेरा चालू ठेवा, हसा, पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरताना दाखवा, सुटका होते.

राहता राहिली रंगपंचमी. गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या दिवशी इंदुरात सुट्टी असते, बंगळूरच्या कॅलेंडरात नसते. सुट्टीचा अर्ज करू नका, मग गेर म्हणजे काय इथपासून समजावून सांगावं लागतं. सरळ दहा ते तीन ‘फोकस टाइम’ लावून टाका. त्या वेळात माणसाला हाक मारणं असभ्य समजतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घाला, वरूनच बोट फिरवता येतं. आणि राजवाड्यासमोर, टँकरच्या फवाऱ्याखाली, गुलालाने माखलेला एखादा चेहरा फारच ओळखीचा वाटला, त्याच्याही हातात तशीच पिशवी दिसली, तर बघितलं न बघितलंसं करून गर्दीत पुढे सरका. मॅनेजरचं माहेर लोकमान्यनगरात आहे, आणि आज तीनपर्यंत तीही फोकस टाइममध्ये आहे.