मागे बकेट सीट बसवून दिल्या नाहीत, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की वरुडच्या या दुकानात दोन चकरा झाल्या, ५०० रुपये गेले आणि शेवटी काम न करताच परत पाठवलं. दीड कॅबिनच्या पिकअपमध्ये (पुढे दोन सीट, त्यामागे थोडी मोकळी जागा) लेकरांसाठी मागे दोन बकेट सीट, म्हणजे एकेका माणसाच्या सुट्या खोलगट सीट, टाकायचं साधं काम यांना जमत नाही, दुसरीकडे एक जण अर्ध्या दिवसात करून द्यायला तयार आहे, आणि वरून आरसी-विम्याचं लेक्चर ऐकावं लागलं, असंही लिहिलंय. आपल्या भागात अशा गाड्या घेऊन फिरणारे बरेच कास्तकार आहेत आणि तेही हे वाचतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सीट उभी करणं कोणत्याही वेल्डरला जमतं. पट्टी कापली, चार भोकं पाडली, बोल्ट आवळले की सीट उभी राहते, हलवून पाहिली तर हलतही नाही. धडक बसल्यावर ती जागेवर राहील का, हा खरा प्रश्न आहे, आणि तुमच्या गाडीत ती राहणार नाही हे मला दिसत होतं.

तुमच्यासमोरच मागची मॅट उचलली होती. खाली एकेरी पत्रा, त्यावर ओल धरून काळा पडलेला फेल्ट, आणि कोपऱ्यात जॅक-पान्याचा कप्पा. अंगठ्याने दाबल्यावर पत्रा टक्कन आत गेला आणि परत वर आला. तो आवाज तुम्हीही ऐकला. ती जागा कंपनीने सामान ठेवायला दिली आहे, माणूस बसवायला नाही. ज्या छोट्या कारमधून तुमच्या त्या सीट काढल्या आहेत, तिच्या फ्लोअरला सीटखाली आडवा क्रॉस मेंबर, म्हणजे मजबूत लोखंडी आडपट्टा, वेल्ड केलेला असतो. सीटचा जोर त्यावर येतो आणि तिथून पूर्ण बॉडीत वाटला जातो. भंगारातून सीट मिळते, तो क्रॉस मेंबर मिळत नाही.

आता हिशोब बघा. ५० च्या वेगाने चाललेली गाडी झाडावर आदळून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर आतल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्या वजनाच्या साधारण १३ ते २० पट ओढ येते. मुलगा ३५ किलोचा आणि सीट १५ किलोची धरली, बेल्ट सीटलाच जोडलेला असला, तर त्या चार बोल्टांवर साडेसहाशे किलो ते एक टन ओढ येणार. बोल्ट तुटणार नाही. पत्रा फाटेल, तेलाच्या डब्याचा पत्रा खिळ्याभोवती फाटतो तसा. आणि मग मुलगा सीटसकट पुढे तुमच्या पाठीवर येईल. खालून जाड प्लेट लावली तर जोर जास्त जागेवर पसरतो, हे खरं आहे, आणि तुम्ही तसं सुचवलंही होतं. पण नेमकं तिथेच खालून ब्रेकचा पाइप आणि वायरिंग जातं, आणि प्लेट टेकायला सपाट जागा नाही. काही जण सीटचा स्टँड सरळ चॅसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, वेल्ड करतात. ते मला सगळ्यात वाईट वाटतं. कॅबिन रबरी माउंटवर बसलेली असते, चॅसिस खाली वेगळी पिळते. वावरातल्या रस्त्यावर दोन्ही रोज एकमेकांविरुद्ध हलणार, भोकं मोठी होणार, पावसाळ्यात पाणी शिरून गंज चढणार. चॅसिसला वेल्डिंगचा चटका बसतो तो वेगळाच.

बेल्टचं तर त्याहून अवघड. बहुतेक गाड्यांत बेल्टचा बोल्ट ७/१६ इंची असतो आणि त्याचं नट कंपनीतूनच कॅबिनच्या खांबाच्या आत जाड पट्टीवर वेल्ड होऊन येतं. तुमच्या कॅबिनच्या मागच्या खांबाचं प्लास्टिक काढून पाहिलं, आत नट नाही. म्हणजे खांद्यावरून जाणारा बेल्ट लावायचा कशाला? राहिला फक्त कमरेचा. त्याने धडकेत लेकराचं अंग कमरेत दुमडतं, सगळा दाब पोटावर येतो आणि डोकं पुढच्या सीटवर आदळतं.

जागेचंही तुम्ही पाहिलंच. तुम्ही गाडी चालवता तिथे पुढची सीट ठेवून टेप लावला, मागे दीड फूट भरलं. बकेट सीटची बैठकच जवळजवळ तेवढी असते. पाठ पूर्ण ताठ केली तेव्हा सीट कशीबशी आत गेली, पण डोक्याची उशी मागच्या काचेपासून चार बोटांवर आली आणि तुमच्या मोठ्या मुलाचे गुडघे पुढच्या सीटमध्ये रुतले. मागून कोणी ठोकलं तर डोकं काचेवरच जाणार. पुढची सीट सरकवली तर तुमचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. मागच्या काचा उघडत नाहीत, एसीची हवा तिथवर नीट पोहोचत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा त्या कोपऱ्यात लेकरांना वरुड ते अमरावती बसवून न्यायचं, हे मला तरी पटत नाही.

तुम्ही मोबाइलवर दाखवलेले व्हिडिओ खोटे नाहीत. ते अमेरिकेतले आहेत. तिकडे एक्सटेंडेड कॅबच्या, म्हणजे आपल्या दीड कॅबिनसारख्या, बऱ्याच पिकअपना कंपनीच मागे घडीच्या छोट्या सीट आणि बेल्ट देते. सीटचे आणि बेल्टचे पॉइंट फ्लोअरला, खांबाला आधीच असतात. लोक घडीची सीट काढून त्याच पॉइंटवर ब्रॅकेट करून बकेट सीट बसवतात. तेही काम सोपं नाही, पण पाया तयार असतो. तुमच्या गाडीत तो पाया नाही.

आता ज्याला तुम्ही लेक्चर म्हटलं ते. तुमच्या आरसीवर गाडी मालवाहू आहे आणि आसनक्षमता २ लिहिली आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्यात असा बदल केल्याबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड एक वेळ भरता येईल, मला जास्त काळजी विम्याची आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्यात धरला जातो. फुकट बसवलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असा सुप्रीम कोर्टाचा २००२ चा निकाल आहे. शाळेत चाललेलं लेकरू मालाचा प्रतिनिधी कसं ठरणार?

"सगळेच तर डाल्यात मजूर बसवून नेतात" असं, मागच्या मालाच्या जागेबद्दल, तुम्ही म्हणालात. नेतात, आणि संत्र्याच्या सिझनमध्ये अशा गाड्या उलटल्याच्या बातम्याही आपण वाचतो. मागे बसणाऱ्याला बेल्ट लागत नाही ही समजूत तर अजून जात नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री कार अपघातात गेले. ते चांगल्या महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. आपली तर पिकअप आहे.

५०० रुपयांबद्दल: पुढची सीट, मॅट, खांबाचं प्लास्टिक खोलून परत बसवायचे ते पैसे आहेत आणि काम सुरू करायच्या आधी सांगितले होते. पहिल्या दिवशी गाडी मालाच्या कॅरेटने (क्रेटने) भरलेली होती, खोलता येत नव्हती, म्हणून दुसऱ्यांदा बोलावलं. सीट बसवायचा अ‍ॅडव्हान्स मी घेतलाच नाही.

माझं मत विचाराल तर घरची चार माणसं न्यायची असतील तर आरसीवर ५ सीट असलेली डबल कॅबिन बघा. डाला छोटा मिळतो, कॅरेट कमी बसतात, हे मान्य. ते परवडत नसेल तर ही पिकअप मालासाठीच ठेवा आणि लेकरांसाठी जुनी छोटी कार घ्या. कोणतीही घेतली तरी आधी दाखवायला आणा, मागचे बेल्ट ओढून, पॉइंट तपासून सांगतो, त्याचे पैसे घेणार नाही. या पिकअपच्या मागच्या जागेत झाकणाचा कप्पा, औषध फवारणीचं सामान वेगळं ठेवायला खण, पुढच्या सीटचा नवा फोम, हे सगळं आनंदाने करून देईन.

आणि तिकडे दुसऱ्या सीट बसवून घेतल्या असतील तर एकदा गाडी रॅम्पवर घ्यायला घेऊन या. मी काही पास-नापास देणार नाही. प्लेट आहे का, बोल्टभोवती पत्रा फुगला आहे का, ब्रेकचा पाइप कुठे घासतो आहे का, एवढं तुम्हाला खालून टॉर्च मारून दाखवतो. तोपर्यंत पोट्ट्यांना मागे बसवू नका, एवढी विनंती आहे. तुमच्या दोन्ही बकेट सीट अजून आमच्याकडेच आहेत, वर कापड टाकून ठेवल्या आहेत. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी कोणत्याही दिवशी येऊन घेऊन जा.