टिप दिली नाही म्हणे

आज सकाळी फॅमिली ग्रुपवर मेसेज आला, "ताडोबात तीन सफारी, एकही वाघ नाही, गाइड बेकार, टिप दिली नाही." खाली पाच जणांचे अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

मागे एकदा आम्हीही ताडोबाला मोहर्ली गेटने आत गेलो होतो, मे महिना, आमची गाइड बफरमधल्या, म्हणजे राखीव जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावातली एक ताई. चितळाचा कॉल झाला, म्हणजे वाघ जवळ असल्याचा इशारा, तशी तिने जिप्सी बंद करायला लावली, सगळे चूप, आणि बऱ्याच वेळाने बांबूतून वाघीण निघाली, सरळ पाणवठ्याच्या दिशेने. आमच्यातल्याच एकाने पाचशेची नोट काढली, थोडं पुढे घ्या ना म्हणून. ताईने नोटेकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हणाली गाडी मागं घे, आणि आम्हाला, "तिले पानी पिऊ द्या. तुमी तं चालले जासान, आमाले इथंच राहाचं हाये."

अरे 625 चौरस किलोमीटरचा कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, भोवती अकराशेचा बफर, त्यात वाघाने तुमच्या बुकिंगच्या वेळी रस्त्यावर येऊन उभं राहायचं? आणि नाही आला तर पैसे कापायचे ते गाइडचे?

हो, गाइड पण चुकतात. 2024 च्या 31 डिसेंबरला उमरेड-करांडला अभयारण्यात वाघीण आणि बछड्यांना दोन्हीकडून जिप्सींनी अडवलं, गाइड-ड्रायव्हर निलंबित झाले, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. बरोबरच झालं. पण त्या गाड्यांत बसून पुढे घ्या, पुढे घ्या कोण करत होतं? आपणच ना. त्या ताईने नोट घेतली असती तर आमच्या मेसेजमध्ये तीच "बेस्ट गाइड" झाली असती.

परतताना तिने सांगितलं, सासू अजून मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाते, ती घरी येईपर्यंत जीवात जीव नसतो. मी तेव्हा नुसतं हं हं केलं. नंतर 2025 च्या मेमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातच सिंदेवाहीकडे तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाने मारल्याची बातमी वाचली आणि तिचं ते "इथंच राहाचं हाये" कानात वाजायला लागलं. वाघ गावाच्या इतका जवळ असताना त्याला पाणी पिऊ द्या म्हणणारी बाई आहे ती, आणि गाइडच्या रोजीवर घर चालतं म्हणून गावातल्या चार जणांनाही ते पटायला लागतं.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं आणि पुसलं, म्हणून इथे लिहितेय. मग ताईला फोन लावला. लागला नाही. सकाळच्या फेरीला गेली असणार, आत मोबाइल नेता येत नाही.