सही केली म्हणजे संपलं, असं कायदा म्हणत नाही

कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय: ‘ज्येष्ठांनो, कायद्याच्या नादी लागू नका’. त्यातले दावे असे. एकदा बक्षीसपत्रावर सही केली की घर-जमीन परत मिळत नाही. मूलबाळ नसलेल्यांना कायदाच नाही. वकिलाशिवाय काही चालत नाही, निकालाला दहा वर्षं लागतात. मुलगा परगावी असेल तर तिथं जाऊन तक्रार करावी लागते. आणि तक्रार केलीच, तर सरकार म्हाताऱ्यांना उचलून वृद्धाश्रमात टाकतं.

हा मजकूर माझ्या आत्तीपर्यंत पोचला. ती करवीर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. नवरा गेला, मूलबाळ नाही. राहतं घर आणि विहिरीजवळचं रान तिनं दिराच्या मुलाच्या नावावर केलं, मरेपर्यंत सांभाळायच्या बोलीवर. आता तिचं ताट मागच्या सोप्यात सरकवलं जातं आणि बीपीच्या गोळ्या संपल्या तर आठवडेच्या आठवडे कुणी आणून देत नाही. प्रांतांकडं, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, अर्ज द्यायला ती कशीबशी तयार झाली होती. शेजारच्या पोरानं हा मजकूर वाचून दाखवला आणि ती म्हणाली, “सही तर केलीया मी. आता काय उपेग?” एका खोट्या मजकुरानं तिचा धीर घालवला, याचा मला संताप आहे.

तेव्हा आधी सहीचंच बघू.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा २००७ चा आहे. त्यातलं कलम २३ नेमकं याच प्रसंगासाठी आहे. साठी गाठलेल्या माणसानं, हा कायदा लागू झाल्यानंतर, ‘माझ्या मूलभूत गरजा भागवशील’ या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर ते देणं फसवणुकीनं किंवा दबावानं झालं असं धरलं जातं. देणाऱ्यानं मागणी केली तर या कायद्याखालचं न्यायाधिकरण, म्हणजे आपल्याकडं प्रांतच, ते रद्द ठरवू शकतं. मग परत मिळत नाही, हे कुठून आणलं?

मजकुरात एक अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. अट असावी लागते. सांभाळ केला नाही एवढं म्हणून भागत नाही, त्या अटीवरच मालमत्ता दिली होती हे दाखवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये हे स्पष्ट केलंय. मायेपोटी, काही न लिहिता सगळं देऊन टाकणारे इथं अडचणीत येतात. ज्यांची सही अजून व्हायची आहे त्यांनी दस्त लिहिणाऱ्याला अट घालायला सांगावंच, लाजू नये.

पण त्याच न्यायालयाचा २ जानेवारी २०२५ चा निकाल मजकूर लिहिणाऱ्यानं वाचलेला नाही. मध्य प्रदेशातल्या एका आईनं २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. त्याच दिवशीच्या एका वचनपत्रात सांभाळ करण्याचं आणि न केल्यास आईनं मालमत्ता परत घेण्याचं लिहिलेलं होतं. पुढं मुलाकडून छळ झाल्याची तक्रार तिनं केली. खालच्या अधिकाऱ्यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला, उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तो फिरवला, कारण अट बक्षीसपत्रात नव्हती. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कागद एकत्र वाचले, बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि २८ फेब्रुवारीपर्यंत ताबा आईला द्यायला सांगितलं. हा कायदा ज्येष्ठांच्या भल्यासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावावा, आणि न्यायाधिकरणाला ताबा देण्याचे आदेशही काढता येतात, असं त्या निकालात आहे.

आत्तीच्या दस्ताची नक्कल मी पाहिली. ‘तहहयात अन्न, वस्त्र, औषधपाणी करण्याच्या अटीवर’ असं त्यात सरळ लिहिलेलं आहे. तिच्याजवळ कागद आहे, कायदा आहे, आणि तरी ती गप्प बसली.

मूलबाळ नसलेल्यांना कायदा नाही, हे तर धडधडीत खोटं. अशा ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा पुढं वारसानं ज्याला मिळणार आहे, त्या सज्ञान वारसाकडून चरितार्थ मागता येतो. तसं कायद्यात शब्दांत लिहिलंय. लग्न झालेली मुलगी, सज्ञान नातू-नात यांच्यावरही जबाबदारी आहे. सून-जावयांची नावं मात्र त्यात नाहीत. ती घालण्यासाठी २०१९ मध्ये विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

वकिलाचं म्हणाल तर अर्ज स्वतः देता येतो. जमत नसेल तर दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो, न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. चरितार्थाच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो, फार तर आणखी ३० दिवस. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे खरं आहे. रक्कमही महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि २००७ ची ही मर्यादा आजच्या औषधांच्या बिलापुढं अपुरी आहे, हेही खरं. पण अपुरी म्हणजे काहीच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

परगावी जायची गरज नाही. ज्येष्ठ माणूस राहतो त्या जिल्ह्यात अर्ज चालतो.

आणि वृद्धाश्रमाची भीती घालणाऱ्यांना काय म्हणावं? कायद्यातले वृद्धाश्रम निराधारांसाठी आहेत. तक्रार केली म्हणून कुणाला तिथं नेऊन टाकण्याची तरतूदच नाही. उलट सांभाळ करायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला कायमचं सोडून देणाऱ्याला कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. हा दखलपात्र गुन्हा आहे, त्यामुळं ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणून पोलिसांना हात झटकता येत नाहीत. मारहाण होत असलेल्या वयस्कर बाईला २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचाही आधार आहे.

करवीरचं प्रांत कार्यालय कोल्हापुरातच आहे. इचलकरंजी, गडहिंग्लजकडच्यांनी आपापल्या प्रांतांकडं जावं. वयाचा पुरावा, दस्ताची नक्कल आणि औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर घ्याव्यात. आधी कुणाशी बोलायचं असेल तर ज्येष्ठांसाठीचा सरकारी मदत क्रमांक १४५६७ आहे, फोन फुकट लागतो.