रिकर म्हणजे नुसती वक्ररेषा नव्हे

कॅनडाचे मत्स्यशास्त्रज्ञ बिल रिकर (१९०८-२००१) यांच्यावरचा लेख आवडला. फिशरीज शिकताना आमच्यासाठी रिकर म्हणजे परीक्षेत काढायची वक्ररेषा: अंडी घालणारे मासे संख्येने एका मर्यादेपलीकडे वाढले की पुढची पिढी उलट रोडावते. ती आली त्यांच्या १९५४च्या शोधनिबंधातून. पण हा माणूस १९३०च्या दशकात ब्रिटिश कोलंबियात कल्टस तळ्याकाठी सॉकाय सॅमन माशांच्या अभ्यासामागे होता, वर हौसेने ओढ्यातले स्टोनफ्लाय किडे गोळा करून त्यांचं वर्गीकरण करायचा, हे एकाही सरांनी सांगितलं नाही. रशियनही शिकले, तिकडचे निबंध इंग्रजीत आणले! संसाराबद्दल मात्र लेखात दोनच ओळी. सतत पाण्यात उतरलेल्या या बापाबरोबर घरच्यांचं कसं जमायचं? त्यावर जरूर लिहा.