डॉलर दरवर्षी वाढतोच. मग भाच्याचे 700 रुपये कुठं गेले?

परवा धरमपेठेत तर्री-पोहे खाताना भाच्यानं मोबाइल पुढे केला. ‘मामा, हे वाचा न.’ फॉरवर्डचा सारांश असा: डॉलर दरवर्षी वाढतोच, फ्युचर (पुढच्या तारखेला आजच ठरलेल्या भावानं डॉलर घ्यायचा सौदा) घेऊन ठेवा, गेलं तर फक्त मार्जिन जाईल, एक्स्चेंजवर डॉलरची गरज असल्याचा पुरावा कोणी मागत नाही, नाहीतर विदेशी अ‍ॅप आहेच, वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात.

पहिलं, ‘वाढतोच’. ऑगस्ट 2013 मध्ये डॉलर 68 च्या वर होता, मे 2014 मध्ये 59 च्या खाली. बरं, वाढला तरी? आपल्याकडे व्याजदर जास्त, अमेरिकेत कमी. तो फरक प्रीमियम म्हणून फ्युचरच्या भावात आधीच बसलेला असतो. कागदी रुमालावर मांडून दाखवलं: समजा आज डॉलर 85, वर्षभरानंतरचा फ्युचर 86.70. वर्षानं डॉलर 86 झाला. भाचा खूश, एक रुपया वाढला! लॉट 1,000 डॉलरचा. म्हणजे बेट्याचे 700 रुपये गेले. रुमालावर तर्रीचा डाग पडला, पण आकडा तोच राहिला.

मार्जिन म्हणजे तोट्याची हद्द नव्हे, अनामत. हिशेब रोज संध्याकाळी होतो: डॉलर 50 पैसे पडला की लॉटमागे 500 रुपये त्याच दिवशी वळते. अनामत कमी पडली की ब्रोकरचा निरोप. भरली नाही तर तो सौदा कापतो. त्यातूनही तोटा उरला तर तो तुमच्याच नावावर.

पुरावा मागत नाहीत, हे अर्धंच खरं. रुपयाच्या सौद्यांत 10 कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवावे लागत नाहीत. पण 3 मे 2024 पासून रिझर्व्ह बँकेनं स्पष्टच केलंय की विदेशी चलनातलं खरं येणं-देणं असलंच पाहिजे. संत्री बाहेर पाठवणाऱ्या कळमन्याच्या व्यापाऱ्याला ते असतं.

अ‍ॅपचं तर बोलूच नका. ते अडीच लाख डॉलर शिक्षण, प्रवास, गुंतवणुकीसाठी. विदेशात फॉरेक्सचं, म्हणजे चलनांच्या सौद्यांचं, मार्जिन भरायला नाहीत, तिथं फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आडवा येतो. परवानगी नसलेल्या अशा अ‍ॅपची रिझर्व्ह बँकेची सावधान-यादी 2022 पासून आहे, आणि यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नाही.

‘तुझं डॉलरमधलं येणं-देणं काय बे?’ मी विचारलं.

‘आत्यानं दिलेले वीस डॉलर आहेत न, मामा.’